घोट्याएवढा पाऊस

पत्र्याच्या पन्हळी करणारे आजोबा लेकीकडे राहायला आले तेव्हा त्यांनी एकच अट घातली होती. हाताला काम मिळालं तर राहीन. नुसतं बसून जेवायचं असेल तर परतीच्या बसमध्ये बसवून दे. लेकीने लगेच मान डोलावली. आई गेल्यापासून बाबा तिकडे एकटेच होते, मागच्या वर्षी शिडीवरून घसरून गुडघा दुखावून बसले होते, आणि तिच्याही घरात फार माणसं होती असं नाही. नवरा जहाजावर नोकरीला, वर्षातून दोनदा घरी यायचा. उरल्या ती आणि तिची आठ वर्षांची मुलगी. ही मुलगी एका जागी कधी बसायची नाही आणि दिसेल त्यावर चढायची, म्हणून सगळे तिला खार म्हणायचे.

अडचण एवढीच होती की लेक ज्या गावात राहत होती, तिथे एकाही घराला पन्हळ नव्हती.

पन्हळ म्हणजे छपराच्या खालच्या कडेला लावलेली पत्र्याची अर्धगोल नाली. छपरावरून ओघळणारं पाणी तिच्यात पडतं, उताराने एका टोकाला जातं आणि तिथल्या नळीतून खाली उतरतं. आजोबांच्या गावात पन्हळीशिवाय घर म्हणजे दाराशिवाय घर. तिथे वर्षातले आठ-नऊ महिने पाऊस असायचा. कोसळायचा क्वचितच, बहुतेक दिवस नुसती रिपरिप, सकाळी सुरू झाली की संध्याकाळीही तशीच. कपड्यांना कायम ओला वास, चपला दोन दिवस कोपऱ्यात राहिल्या की त्यांच्यावर बुरशी, आणि भिंतींवर इतकं शेवाळ की मुलं त्यावर बोटाने नावं लिहायची. अशा गावात आजोबांनी जन्म काढला होता. कुणाच्या घरातून पाणी गळतंय हे त्यांना रस्त्यावरून नुसत्या आवाजावरून कळायचं.

आणि इथे दोरीवर कपडे टाकून मागे वळावं तर ते वाळलेले. आभाळ धुऊन ठेवल्यासारखं स्वच्छ, आणि जमिनीवर पायाच्या प्रत्येक ठेक्याला उडणारी धूळ. आजोबा पहिल्या दिवशी सवयीने छत्री घेऊन फिरायला निघाले तर गल्लीतली पोरं मागे लागली, आजोबा, कुणाला भेटायला चाललात, ढगाला का? आजोबांनी छत्री उघडली, उन्हाला धरली आणि म्हणाले, ढग घरी नव्हता, त्याच्या थोरल्या भावाला भेटून येतो. पोरं हसली, पण घरी आल्यावर त्यांनी छत्री कपाटामागे उभी करून ठेवली.

शेजारी एक शिंपीणबाई राहायच्या. साठीच्या पुढच्या, जिभेने सुईपेक्षा टोकदार. त्यांनी दुसऱ्याच दिवशी कुंपणावरून चौकशी केली की भाऊ, तुम्ही नक्की काम काय करता. आजोबांनी पन्हळ म्हणजे काय ते समजावून सांगितलं. शिंपीणबाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे पाण्याला रस्ता करून द्यायचा. आमच्याकडे रस्ते भरपूर आहेत, भाऊ. पाणीच नाही."

आजोबांचं मन रमेना. त्यांनी लेकीच्या घरातला कुरकुरणारा दरवाजा दुरुस्त केला, बादलीला नवी कडी बसवली, डब्यांची झाकणं ठोकून सरळ केली. आठवडाभरात घरात दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नाही. मग ते ओसरीवर बसून राहायला लागले, आणि लेकीच्या लक्षात आलं की बाबा रोज एकदा सहज म्हणून बसच्या वेळा विचारतात.

ती गावातल्या शाळेत तिसरीला शिकवायची. वर्गात पावसाचा धडा चालू होता आणि मुलं त्यात अडकून पडली होती. पुस्तकात जगातल्या वेगवेगळ्या ठिकाणांच्या पावसाचे आकडे मिलिमीटरमध्ये दिले होते, आणि मुलांना ते आकडे म्हणजे नुसते आकडेच वाटत होते. तिने मोठ्या बाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकांना, विचारलं आणि एक दिवस बाबांना वर्गात घेऊन गेली. खार त्याच वर्गात होती. आजोबा आत आल्यावर ती बाकावर उभीच राहिली.

आजोबांनी पुस्तक मिटून ठेवलं आणि सगळ्यांना शाळेच्या बाहेरच्या भिंतीपाशी नेलं. हातात खडू आणि मोजपट्टी. त्यांनी सांगितलं ते असं. समजा वर्षभराचा सगळा पाऊस जिथे पडला तिथेच साचून राहिला. वाहून गेला नाही, जमिनीत मुरला नाही, उन्हाने आटला नाही. तर वर्षाच्या शेवटी त्या पाण्यात तुम्ही कुठपर्यंत बुडालेले असाल? आकड्याचा अर्थ एवढाच. मिलिमीटर म्हणजे पाण्याची उंची.

मग त्यांनी एका मुलाला भिंतीला टेकून उभं केलं. सगळ्यात आधी जगातलं सगळ्यात कोरडं वाळवंट. तिथे एखादं वर्ष असं जातं की सगळा पाऊस मिळून खडूच्या या रेघेच्या जाडीएवढाही होत नाही, म्हणून ती रेघ काढायचीच नाही, असं म्हणून त्यांनी मोजपट्टी जमिनीला टेकवली आणि तशीच उचलली. पृथ्वीच्या अगदी दक्षिणेला जो बर्फाचा खंड आहे, त्याच्या आतल्या भागातही अशीच स्थिती, बोट-दोन बोटं. यावर मुलांनी एकच गलका केला, कारण तिथे तर बर्फाचे डोंगर असतात. आजोबा म्हणाले, पडतं थोडंसंच, पण वितळत नाही ना. हजारो वर्षांचं साठत राहतं, म्हणून एवढं दिसतं.

त्यानंतर त्यांनी मुलाच्या घोट्यापाशी रेघ ओढली आणि म्हणाले, हे तुमचं गाव. मोठ्या बाईंनीच त्यांना आकडा दिला होता. साऱ्या जगातल्या जमिनीची सरासरी काढली तर रेघ आली मुलाच्या कमरेशी. स्वतःच्या गावासाठी आजोबांना खुर्ची मागवावी लागली, आणि खुर्चीवर उभं राहूनही हात पुरेना. रेघ छपराच्या वर गेली असती. सगळ्यात ओल्या गावाची रेघ काढायची तर एकावर एक अशा तीन शाळा बांधाव्या लागतील, असं सांगून त्यांनी नुसतं आभाळाकडे बोट केलं. सगळा वर्ग मान मागे टाकून वर बघत राहिला, जणू ते पाणी तिथे खरंच उभं होतं.

असं का, हेही त्यांनी सांगितलं, घाई न करता. समुद्रावरून आलेला वारा ओल्या कपड्यासारखा असतो. डोंगर आडवा आला की तो वर चढतो, गार होतो आणि पिळल्यासारखा गळायला लागतो. डोंगर ओलांडून पलीकडे उतरतो तेव्हा त्यात काही उरलेलं नसतं. शिवाय पृथ्वीच्या पोटावर, जिथे ऊन सरळ पडतं, तिथली हवा तापून वर जाते, सगळा पाऊस तिथेच सांडते आणि कोरडी होऊन दूर कुठेतरी खाली उतरते. जिथे ती उतरते तिथे वाळवंटं असतात.

भिंतीला टेकलेला मुलगा अजून आपल्या घोट्याकडेच बघत होता. त्याने विचारलं, "मग आम्ही काही चुकीचं केलंय का?"

आजोबा त्याच्यासमोर दुखरा गुडघा सांभाळत खाली बसले. "नाही रे बाळा. डोंगर तिकडे उभा आहे आणि वारा तिकडून येतो. यात कुणाचीच चूक नाही. माझ्या गावाने तरी काय मोठं पुण्य केलंय?"

मुलाचं तेवढ्याने समाधान झालं असावं, कारण त्याने लगेच दुसरं काहीतरी सांगायला सुरुवात केली, की आमच्याकडचा पाऊस एकदाच येतो. आजोबा हसले आणि म्हणाले, एकदा येऊ दे नाहीतर दहादा, आला तरी घोट्याएवढाच ना.

त्या दिवशी सुचलेली गोष्ट मात्र मोठ्या बाईंची. मुलांबरोबर त्याही बाहेर उभ्या होत्या. शाळेची इमारत म्हणजे एका ओळीत पाच खोल्या, वर मागच्या बाजूला उतरणारं लांबलचक पत्र्याचं छप्पर, आणि मागच्या अंगणात सिमेंटची टाकी. आठवड्यातून एकदा टँकर येऊन ती टाकी भरून जायचा, आणि आठवड्याच्या शेवटी मुलांना घरून बाटल्या आणाव्या लागायच्या. बाईंनी विचारलं, घोट्याएवढा पाऊस एवढ्या छपरावर पडला तर किती पाणी होईल? आजोबांनी पावलांनी छप्पर मोजलं, मुलांकडून गुणाकार करून घेतला, आणि उत्तर आलं, दोन टँकर भरतील एवढं. आजवर ते सगळं पाणी छपरावरून खाली पडून मातीत जात होतं.

अशा रीतीने आजोबांना काम मिळालं. त्या संध्याकाळी त्यांनी बसच्या वेळा विचारल्या नाहीत.

त्यांनी पत्रा आणवला, कात्रीला धार लावली आणि शाळेच्या मागे ठाण मांडलं. सुटीत मुलांचा घोळका भोवती. खार तर पत्र्याच्या गुंडाळीवरच बसायची. पन्हळ केवढी रुंद करायची याचा त्यांनी नीट विचार केला. त्यांच्या गावात छपराच्या वर जाईल एवढ्या पावसाला वीतभर रुंदीची पन्हळ पुरायची. इथे घोट्याएवढा पाऊस. चार बोटं रुंदी म्हणजे चैनच झाली. पत्रा वाचला तेवढाच बरा. सांधे मात्र असे बसवले की नख शिरू नये, आणि उतार असा धरला की एका टोकाला टाकलेली गोटी दुसऱ्या टोकाला टाकीत जाऊन पडली. मुलांनी ती गोटी इतक्या वेळा टाकली की शेवटी बाईंना रागवावं लागलं.

टँकर चालवणारा माणूस, ज्याला सगळी मुलं टँकरमामा म्हणायची, पाणी भरायला आला तेव्हा पन्हळीखाली उभा राहून बराच वेळ बघत होता. म्हणाला, बाबा, माझ्या पोटावर पाय देताय तुम्ही. आजोबा म्हणाले, घोट्याएवढा पाय आहे, सहन कर.

तीन महिने काही झालं नाही. मग एका दुपारी, जेवणाची सुटी संपून वर्ग नुकते सुरू झाले होते, टेकडीमागून मातकट रंगाचा ढग वर आला. वारा आला, धूळ आली, आणि मग एकाएकी पत्र्यावर कुणीतरी खडीचा ट्रक रिकामा करावा तसा आवाज झाला. आजोबा घरी होते. ते काठी न घेताच शाळेकडे निघाले आणि पोहोचेपर्यंत चिंब भिजले. मुलं ओसरीवर उभी राहून उड्या मारत होती. पन्हळीतून पाण्याची जाड धार टाकीत पडत होती. खारीने आजोबांना बघितलं आणि ती टाळ्या वाजवायला लागली. मग सगळीच मुलं टाळ्या वाजवायला लागली.

ते कौतुक फार टिकलं नाही. धार जाड होत गेली आणि तरीही पाऊस वाढतच होता. पन्हळ काठोकाठ भरली. पाणी कडेवरून सांडायला लागलं. पाण्याच्या वजनाने पन्हळीला भिंतीशी धरणाऱ्या मधल्या दोन कड्या वाकल्या, पन्हळ मध्येच खोलगट झाली, आणि झाली तशी दोन्हीकडचं पाणी तिथेच धावून आलं. एक कडी भिंतीतून उखडली. पन्हळीचा अर्धा भाग सुटून लोंबायला लागला, आणि साऱ्या छपराचं पाणी एका दांडग्या धारेने बालवर्गाच्या मागच्या खिडकीवर आदळलं.

बालवर्गाच्या बाईंनी मुलांना केव्हाच बाहेर काढलं होतं, त्यामुळे कुणाला काही झालं नाही. पण खोलीत पाणी भरलं, बसायच्या चटया तरंगायला लागल्या, मुलांनी काढलेली चित्रं भिंतीवरून गळून पडली आणि खिडकीखालचा गिलावा ढासळला. अर्ध्या तासात पाऊस थांबला. ऊन पडलं. टाकीत पाहिलं तर पाणी पाव टाकीही नव्हतं.

आजोबांना सगळ्यात जास्त लागलं ते दुसरंच. पन्हळ नव्हती तेव्हा हेच पाणी छपराच्या सगळ्या लांबीवरून, पडद्यासारखं, भिंतीपासून हातभर लांब पडायचं. इतकी वर्षं बालवर्गात कधी थेंब गेला नव्हता. तो त्यांच्या पन्हळीने नेला होता.

शिपायाच्या हातातून त्यांनी झाडू घेतला आणि संध्याकाळपर्यंत बालवर्गातलं पाणी बाहेर लोटत राहिले. मोठ्या बाई दोनदा येऊन राहू द्या म्हणून गेल्या. घरी आल्यावर त्यांनी लेकीला परवाच्या बसचं तिकीट काढायला सांगितलं. अट म्हणजे अट.

लेक म्हणाली, "पण बाबा, तुम्हाला काम मिळालं होतं ना?"

"मिळालं होतं," आजोबा म्हणाले. "झालं नाही."

खार आजोबांच्या मांडीवर चढून बसली आणि रडायची तेवढी रडली. आजोबा तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले, पण तिकिटाचं बोलणं त्यांनी मागे घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिंपीणबाई आल्या. बालवर्गाच्या ओल्या चटया त्यांनी रात्रीच घरी नेल्या होत्या आणि त्यांच्या उसवलेल्या कडा शिवून आणल्या होत्या. चटया ओसरीवर ठेवून त्या म्हणाल्या की एवढं तोंड पाडून बसायला काय झालं, आमच्याकडे पाऊस असाच पडतो. वर्षभर फिरकत नाही, आणि आला की रुसलेल्या पाहुण्यासारखा एका दुपारी सगळी आदळआपट करून जातो. कधी दोन वर्षांचा एकदम.

आजोबांनी वर बघितलं. "हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंत किती पडतो. ते बाईंनी सांगितलं. कसा पडतो, हे कुठे विचारलंत?" शिंपीणबाई म्हणाल्या. आणि मग आवाज थोडा खाली आणून, "खरं सांगू का भाऊ, तुमच्या त्या पन्हळीत किती मावतं हे आम्हाला काय कळणार? आम्ही जन्मात कधी पाहिली नव्हती. वाटलं, माणूस आयुष्यभर हेच करत आलाय, त्याला ठाऊक असणार."

आजोबा चटया गुंडाळायला लागले आणि त्यांना आठवलं. भिंतीला टेकून उभ्या असलेल्या त्या मुलाने सांगितलं होतं. एकदाच येतो, म्हणाला होता. आपण हसलो. आपल्या गावात छपराएवढा पाऊस नऊ महिने रिपरिप करत पडायचा, म्हणून वीतभर पन्हळीला कधी दम लागला नाही. इथे घोट्याएवढा पाऊस अर्ध्या तासात. पन्हळीला वर्ष कळत नाही. तिला फक्त आत्ता, या घटकेला, किती पाणी येतंय तेवढंच कळतं. जन्मभर पन्हळी केल्या आणि ही गोष्ट कधी शब्दांत मांडायची वेळच आली नव्हती, कारण त्यांच्या गावात सगळ्यांचा पाऊस एकसारखा होता.

ते उठले आणि शाळेत गेले. मोठ्या बाई ढासळलेल्या गिलाव्यापाशी उभ्या होत्या. आजोबांनी माफी मागितली, पण त्यासाठी ते आले नव्हते. ते म्हणाले, मला पन्हळ पुन्हा करू द्या. आणि झाली की टँकरचं पाणी थेट टाकीत न ओतता आधी छपरावर सोडू द्या, इथल्या पावसाच्या जोराने. पन्हळ टिकली तर सगळं पाणी टाकीतच जाईल.

टँकर म्हणजे शाळेचं आठवड्याचं पाणी. बाईंनी विचारलं, "आणि पुन्हा तुटली तर?"

"तर मुलांना आठवडाभर घरून पाणी आणावं लागेल," आजोबा म्हणाले, "आणि तो दोष पूर्ण माझा असेल. तुम्ही नाही म्हणालात तरी मला वाईट वाटणार नाही, बाई. मी तुमच्या जागी असतो तर दहादा विचार केला असता."

बाई अंगणात एक फेरी मारून आल्या. मग म्हणाल्या की करा, पण माझीही एक अट आहे, सगळं मुलांसमोर करायचं. "चुकलेलं त्यांनी पाहिलंय, काका. दुरुस्त होताना पण पाहू द्या."

परवाची बस गेली. आजोबा तिच्यात नव्हते.

नवी पन्हळ वीतभरापेक्षाही रुंद होती आणि खोल होती. कड्या दुप्पट, त्याही भिंतीत खोलवर. पाणी उतरायला दोन्ही टोकांना दोन नळ्या, लांबची नळी भिंतीच्या कडेने टाकीपर्यंत आणलेली. आणि पुढची कड त्यांनी मागच्या कडेपेक्षा बोटभर खाली ठेवली. मुलांनी विचारलं की आजोबा, ही तिरकी झाली का? आजोबांनी समजावलं की ती मुद्दाम आहे. कधी पाणी जास्त झालंच, तर ते पुढे अंगणात सांडेल, मागे भिंतीवर नाही. आपण कितीही शहाणे झालो तरी पाऊस आपल्याहून जास्त निघू शकतो, त्याची सोय आधीच करून ठेवायची.

टँकरचा दिवस आला. टँकरमामाला सगळं सांगितल्यावर तो डोकं खाजवत म्हणाला, आजवर नुसतं पाणी आणत होतो, आता पाऊसही मीच पाडायचा का? पण त्याने टँकर छपराच्या उंच बाजूला आणून लावला आणि पाइप घेऊन शिडीवर चढला. सगळी शाळा मागच्या अंगणात बसली होती. शिंपीणबाईही आल्या होत्या, स्वतःची खुर्ची घेऊन.

पाणी सुटलं. छपरावरून ओघळ आले, पन्हळीत उतरले, दोन्ही नळ्यांतून टाकीत पडायला लागले. आजोबा मुलांकडे वळले आणि त्यांनी विचारलं, असा पडतो का तुमचा पाऊस? सगळी पोरं एका सुरात नाही म्हणाली. टँकरमामाने जोर वाढवला. तरी नाही. शिंपीणबाई म्हणाल्या, ही तर आमच्याकडची शिंक झाली.

भिंतीला टेकून उभा राहिलेला तो मुलगा पुढे आला. त्याला एक खूण ठाऊक होती. खऱ्या पावसात बाईंचं बोलणं वर्गात शेवटच्या बाकावर ऐकू येत नाही. आजोबांनी या वेळी त्याचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि तसंच करायचं ठरवलं. लेक वर्गात फळ्यापाशी उभी राहून मोठ्याने पाढे म्हणायला लागली, तो मुलगा शेवटच्या बाकावर बसला, आणि खार दारात उभी राहून ओरडून कळवत होती, ऐकू येतंय, अजून ऐकू येतंय.

टँकरमामाने दुसरा पाइप लावला आणि तोटी पूर्ण उघडली. पत्रा गर्जायला लागला. दारातून खार दोन्ही हात वर करून नाचत बाहेर आली. आता काही ऐकू येत नव्हतं.

पन्हळ भरत गेली. आजोबा तिच्याखाली मान वर करून उभे होते. पाणी कडेपासून दोन बोटांवर आलं आणि तिथेच थांबलं. एका सांध्यातून बारीक कारंजं उडालं. आजोबांनी शिडीवर एक पाय ठेवून त्यावर अंगठा दाबून धरला, आणि दुखऱ्या गुडघ्यावर भार येऊनही टँकर रिकामा होईपर्यंत तो काढला नाही. मग सगळं शांत झालं. मुलं टाकीच्या कडेला जमून आत डोकावली. टाकी भरली होती. बालवर्गाची भिंत कोरडी होती.

टाळ्या थांबल्यावर आजोबांनी मुलांना सांगितलं की यावरून सगळं कळलं असं समजू नका. टँकर तो टँकर. खरा पाऊस याहून जोरात आला, किंवा वाऱ्याने तिरपा आला, तर काय होईल ते तो आल्यावरच कळेल. तेव्हा बघायला कुणीतरी हवं. मोठ्या बाईंनी मान डोलावली, पण त्या बघत होत्या लेकीकडे.

घरी जाताना लेकीने बराच धीर करून विचारलं की आता बसचं तिकीट पुन्हा काढायचं का.

"पन्हळ खऱ्या पावसात कशी वागते ते बघितल्याशिवाय कसा जाऊ?" आजोबा म्हणाले.

"बाबा, पुढचा पाऊस कधी येईल सांगता येत नाही इथे. दोन-दोन वर्षंही लागतात."

"लागू दे."

तिला हसू आलं की रडू, हे तिचं तिलाही कळलं नाही. तिने त्यांच्या हातातली पत्रा कापायची कात्री काढून स्वतःच्या हातात घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिंपीणबाईंनी कुंपणावरून हाक मारली. त्यांनाही छपराखाली एक पिंप ठेवायचं होतं आणि पन्हळीला किती पत्रा लागेल ते हवं होतं. आजोबा कानामागे पेन्सिल अडकवून त्यांच्या अंगणात गेले. मोजपट्टी खिशातच ठेवून त्यांनी आधी विचारलं की पाऊस येतो तेव्हा कुठल्या बाजूने येतो, आल्यावर काय काय करतो, आणि मागच्या वेळी या छपरावर नेमकं काय झालं होतं. शिंपीणबाईंनी शिवण बाजूला ठेवून सांगायला सुरुवात केली. गोष्ट लांबणार असं दिसलं, म्हणून आजोबा पायरीवर बसले.